पाणी गाळणारा पडदा केव्हां चोंदेल, हें आधीं कसें ओळखावें

पूर्णा नदीच्या खोऱ्यांत अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला जो खारपाण पट्टा आहे, तेथील भूगर्भांतील पाणी खारट असतें, हें वाचकांस ठाऊकच आहे. अशा भागांत पिण्याच्या पाण्यासाठीं आर. ओ. यंत्रें बसविलेलीं आढळतात. आमच्या गांवींही २०१७ सालीं लोकवर्गणीनें असें एक यंत्र बसलें. पहिलें वर्ष बरें गेलें. दुसऱ्या वर्षीं ऐन वैशाखांत धार बारीक होत होत बंद पडली. कारागिरानें आंतील पडदे काढून पाहिले व ते आतां धुण्यापलीकडे गेले, असें सांगितलें. नवे पडदे येईपर्यंत गांवास टँकरची वाट पाहावी लागली आणि वर्गणीची शिल्लक संपली. हें अकस्मात् घडलें असें सर्वांस वाटलें. पण तें तसें नव्हतें. पडदा कित्येक आठवडे सूचना देत होता, ती टिपून घेणारा कोणी नव्हता. यंत्राची वही आमच्याच हातीं होती, म्हणून हा दोष प्रथम आमचा आहे.

हा पडदा म्हणजे कांहीं फडकें नव्हे. खाऱ्या पाण्यावर दाब दिला असतां त्यांतून पाणी पार होतें व बहुतेक क्षार मागें राहतात. १९६० च्या सुमारास अमेरिकेंत लॉस एंजलिस येथील विद्यापीठांत सिडनी लोब व भारतांत जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन् यांनीं उपयोगी पडेल असा पडदा प्रथम तयार केला. पुढें १९६५ सालीं कॅलिफोर्नियांतील कोलिंगा गांवास या रीतीनें पाणी मिळूं लागलें.

ज्यांच्या शेतांत ठिबक आहे, त्यांस चोंदणें म्हणजे काय हें सांगावयास नको. ड्रिपर ज्या कारणांनीं बंद होतात, त्याच कारणांनीं पडदाही चोंदतो. तीं कारणें चार: मातीचा बारीक गाळ, क्षारांचें कवच, लोहाचा गंज आणि जीवजंतूंची शेवाळासारखी बुळबुळीत साय. यांपैकीं क्षारांचें कवच कसें धरतें, तें उसाच्या रसाच्या कढईवरून समजेल. शंभर लिटर पाण्यांतून पन्नास लिटर गोडें पाणी काढलें, म्हणजे उरलेल्या पन्नास लिटरांत क्षार जवळजवळ दुप्पट दाट होतात. पंचाहत्तर काढलें, तर चौपट. गोडें पाणी अधिक काढण्याचा लोभ धरला, कीं चुना पडद्यावर बसूं लागतो.

आतां पूर्वसूचना कशी मिळते तें पाहूं. पहिली परीक्षा यंत्र बसविण्यापूर्वीं करावयाची. वाळूच्या गाळणींतून निघालेलें पाणी ४७ मिलिमीटर व्यासाच्या व ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या चकतींतून, दर चौरस इंचास ३० पौंड दाबानें सोडतात. पहिलें ५०० मिलिलिटर पाणी गळण्यास लागलेला वेळ टिपतात. पाणी तसेंच चालूं ठेवून १५ मिनिटांनीं पुन्हा ५०० मिलिलिटरचा वेळ घेतात. समजा, आरंभीं ३० सेकंद व मागून ६० सेकंद लागले. म्हणजे गति ५० टक्क्यांनीं घटली. या ५० ला १५ नीं भागिलें असतां ३.३ हा गाळाचा अंक येतो. हा अंक ३ च्या आंत असल्यास उत्तम. ५ च्या वर असल्यास आधीं गाळणी सुधारावी, पडदा मागाहून घ्यावा.

परंतु ही परीक्षा गाळापुरतीच आहे. कवचाचें व गंजाचें भय किती, हें पाण्यांतील चुना, क्षारता व लोह प्रयोगशाळेंत तपासूनच कळतें. जंतूंच्या सायीसाठीं ब्लीचिंग पावडर पडद्यापर्यंत जाऊं देणें मात्र घातक होय; कारण हल्लींचे बहुतेक पडदे क्लोरीननें नासतात.

दुसरी परीक्षा रोजची असून तीच खरी महत्त्वाची. रोज ठराविक वेळीं पांच आंकडे लिहावे: गोड्या पाण्याचा तासाचा प्रवाह, पडद्यापूर्वींचा दाब, पडद्यानंतर सांडपाण्याचा दाब, गोड्या पाण्याचा टी. डी. एस. आणि पाण्याची उष्णता. सारख्याच दाबाला व उष्णतेला प्रवाह मूळच्यापेक्षां १० टक्के घटला किंवा दोन दाबांतील अंतर १५ टक्क्यांनीं वाढलें, म्हणजे पडदा धुण्याची वेळ आली असें समजावें. अंतर वाढणें हें बहुधा गाळाचें वा सायीचें लक्षण. शेवटच्या पडद्यांतून येणाऱ्या पाण्याचा टी. डी. एस. चढूं लागला, तर कवचाचा संशय घ्यावा.

उष्णतेची नोंद कशाला, असें कोणी विचारील. पाणी एक अंशानें तापलें, कीं प्रवाह सुमारें ३ टक्क्यांनीं वाढतो. आमचा घात येथेंच झाला. उन्हाळ्यांत उंच टाकीतलें पाणी तापत गेलें आणि पडदा चोंदत असतांही धार पूर्ववत् दिसत राहिली. पुढें धार घटूं लागली, तेव्हां चालकानें दाब वाढवून ती कायम राखली. रोग झांकला गेला, पण वाढत राहिला. आमच्या वहींत किती कॅन विकले व किती पैसे आले, हें पैशापर्यंत बिनचूक होतें. दाबाचा एकही आंकडा नव्हता.

महसूल खात्यांत आम्हीं अनेक वर्षें पैसेवारीचे कागद हाताळले. उभ्या पिकावरून उत्पन्नाचा अंदाज करणें म्हणजे भविष्य सांगणें नव्हे. तो मागील नोंदींच्या आधारानें केलेला हिशेब असतो. येथेंही तसेंच आहे. तासाला १००० लिटर देणारें यंत्र चाळीस दिवसांत ९५० वर आलें, तर ९०० वर येण्यास फार तर आणखी चाळीस दिवस धरावे. चोंदण्याचा वेग बहुधा वाढत जात असल्यामुळें त्याहून थोडे कमीच धरणें शहाणपणाचें. आजकाल संशोधक असल्याच नोंदी संगणकास देऊन पडदा केव्हां चोंदेल याचें अनुमान काढितात. पण जें वहींत नाहीं, तें संगणक तरी कोठून आणणार?

वेळींच धुतलेला पडदा पुन्हा कामास येतो. कवच घट्ट बसल्यावर धुणें व्यर्थ जातें. आमच्या गांवीं आतां यंत्राजवळ दुसरी वही टांगली आहे व रोज सकाळीं तींत पांच आंकडे पडतात. ज्या गांवीं असें यंत्र असेल, तेथील बंधूंनीं आजच तेथें जाऊन अशी वही आहे कीं नाहीं, एवढें पाहावें. नसल्यास उद्यांपासून सुरू करावी, इतकीच आमची विनंती आहे.