मांजराच्या केसांची मिशी

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा पाहू. तुम्ही जमिनीखाली, एका गुहेत उभे आहात. तुमच्या एका हातात पिंजरा आहे आणि दुसऱ्या हातात काळी काठी. काठीच्या टोकाला गंजलेली चांदणी आहे. समोर एक चिमुकला पक्षी मजेत गात बसलाय. तो तुम्हांला पकडायचाय. तुम्ही आत आलात तेव्हा तो अजिबात घाबरला नव्हता. पण जवळ जाऊ लागलात की बावरतो आणि काही केल्या हाती लागत नाही. आता काय कराल?

थोडा विचार करा. तोवर हे कोडं आलं कुठून, ते सांगतो.

विल क्राऊदर नावाचा एक अमेरिकन प्रोग्रॅमर होता. इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अर्पानेट हे जाळं. ते उभारणाऱ्या मंडळींपैकी तो एक. कामातून सुट्टी मिळाली की हा पठ्ठ्या दोर आणि दिवे घेऊन गुहांमध्ये शिरायचा. केंटकी राज्यातली मॅमथ केव्ह ही माहीत असलेली जगातली सर्वांत लांब गुहा. आजवर तिच्या साडेसहाशे किलोमीटरहून जास्त लांबीच्या वाटा मोजून झाल्या आहेत. क्राऊदर आणि त्याची बायको, दोघंही या गुहेचे नकाशे काढायच्या कामात होते. पुढे दोघं वेगळे झाले. मुली दुरावल्यासारख्या वाटू लागल्या, तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून क्राऊदरने १९७५-७६ च्या सुमारास एक खेळ लिहिला. आपल्या आवडत्या गुहेचा एक भाग त्याने कॉम्प्युटरमध्ये उतरवला. चित्रं नाहीत, आवाज नाही. पडद्यावर नुसती वाक्यं उमटायची आणि खेळणाऱ्याने इंग्रजीत एक-दोन शब्द टाइप करायचे: 'गो वेस्ट', 'टेक लॅम्प'. बस्स!

डॉन वूड्स नावाच्या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्याला हा खेळ सापडला. त्याला तो वाढवायचा होता, पण क्राऊदरचा पत्ता कुठे ठाऊक होता? मग या बहाद्दराने जाळ्यावरच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर 'क्राऊदर' या नावाने ई-मेल धाडली. तेव्हा जाळंच एवढंसं होतं की हे जमलं! परवानगी मिळाली आणि १९७७ मध्ये खजिना, जादू, ड्रॅगन असं सगळं घालून 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर' तयार झाला. त्याच्याच नावावरून पुढे या जातीच्या सगळ्या खेळांना 'ॲडव्हेंचर गेम' म्हणू लागले.

हं, तर उत्तर. काठी खाली ठेवा. पक्षी तुम्हांला भीत नाही, त्या काठीला भितो. काठी टाकली की तो मुकाट्याने पिंजऱ्यात येतो. आणि त्याचा उपयोग काय? पुढे वाट अडवून एक भलाथोरला साप बसलाय. तिथे पिंजरा उघडायचा. तो एवढासा जीव सापाला पळवून लावतो!

उत्तर कळल्यावर 'अरेच्चा, हे तर मला सुचायला हवं होतं!' असं वाटलं ना? ॲडव्हेंचर गेमची सगळी जादू त्या 'अरेच्चा'मध्ये होती. आणि हे खेळ मागे पडले, त्याचंही एक मोठं कारण तिथेच सापडतं.

पण आधी त्यांचे चांगले दिवस पाहू. १९८० मध्ये रॉबर्टा विल्यम्स आणि तिचा नवरा केन या दोघांनी 'मिस्टरी हाऊस' काढला. त्यात पहिल्यांदा चित्रं आली. चित्रं कसली, पांढऱ्या रेघोट्याच! पण लोक खूश झाले. या जोडप्याची कंपनी पुढे 'सिएरा' म्हणून गाजली. १९८४ च्या त्यांच्या 'किंग्ज क्वेस्ट'मध्ये तुमचा नायक रंगीत चित्रात हिंडूफिरू लागला. १९८७ मध्ये लुकासफिल्मच्या 'मॅनियाक मॅन्शन'ने टायपिंगची कटकट संपवली. 'उघड', 'उचल', 'ढकल' असे शब्द पडद्यावरच लिहिलेले. त्यांवर टिचकी मारायची की झालं.

आणि मग १९९० चा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'. माझं विचाराल तर या सगळ्या घराण्याचा राजा हाच. यातल्या तलवारबाजीत तलवार नुसती नावाला. समोरचा चाचा तुम्हांला टोमणा मारतो, तुम्ही त्याला चपखल उत्तर द्यायचं. उत्तर जमलं की तो मागे सरकतो, फसलं की तुम्ही. आपल्या तमाशातला सवाल-जवाबच म्हणा ना! सुरुवातीला तुम्हांला एकही धड उत्तर येत नाही. म्हणून हरायचं, हरता हरता समोरच्याचे टोमणे पाठ करायचे, तेच दुसऱ्यावर टाकायचे आणि त्याने दिलेलं उत्तर लक्षात ठेवायचं. अशी शिदोरी घेऊन तलवारबाजांच्या गुरूकडे जावं, तर तिचे टोमणे सगळे नवीनच! पण नीट ऐकलं तर कळतं, जुनीच उत्तरं यांनाही बसतात. पुन्हा तेच, 'अरेच्चा!'

अडकणं हा तर या खेळांचा जीव होता. एकेका कोड्यापाशी दिवसच्या दिवस जायचे. 'झॉर्क' हा खेळ विकणारी इन्फोकॉम कंपनी अदृश्य शाईत छापलेल्या सूचनांची पुस्तिका विकायची. सोबत एक खास पेन मिळायचं. ते कोऱ्या जागेवर फिरवलं की पहिली सूचना उमटे. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरी, मग तिसरी आणि अगदीच हात टेकले तर अखेरीस पुरं उत्तर. केवढा विचार केला होता पाहा. तुमचा 'अरेच्चा' हिरावून न घेता फक्त थोडा हात द्यायचा!

सप्टेंबर १९९३ मध्ये 'मिस्ट' आला. ओसाड बेट, सुंदर चित्रं आणि सगळीकडे गूढ यंत्रं. रँड आणि रॉबिन मिलर या भावांच्या छोट्याशा कंपनीचा हा खेळ साठ लाखांहून जास्त खपला. कितीतरी घरांत सीडी चालवणारा कॉम्प्युटर आला तो 'मिस्ट'साठी. आता वाटेल की पुढे आनंदीआनंदच! पण त्याच वर्षी डिसेंबरात 'डूम' आला. पळा, वळा, गोळी झाडा. विचाराला उसंत नाही, आणि जाळ्याने कॉम्प्युटर जोडले की मित्राबरोबरही खेळता येतं. इथे एक हिशेब लक्षात घ्या. ॲडव्हेंचर गेम एकदा सुटला की सुटला. वाचून झालेल्या रहस्यकथेसारखा तो कपाटात जातो. 'डूम' पुन्हा पुन्हा खेळता येतो. उलट ॲडव्हेंचर गेमचा खर्च मात्र वाढतच गेला. प्रत्येक खोलीचं चित्र नवं, प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा. सिएराने १९९५ मध्ये खऱ्या नटांना घेऊन काढलेला एक खेळ तर सात सीडींवर आला होता!

१९९८ मध्ये लुकासआर्ट्सच्या 'ग्रिम फँडँगो'ची समीक्षकांनी तोंड भरून स्तुती केली, पण विक्री बेताचीच झाली. १९९९ च्या फेब्रुवारीत सिएराचं ओकहर्स्ट गावातलं जुनं ठाणं बंद पडलं. २००४ च्या मार्चमध्ये लुकासआर्ट्सने 'सॅम अँड मॅक्स'चा तयार होत असलेला नवा भाग रद्द केला. या खेळांना आता बाजार उरला नाही, असा त्याचा अर्थ सगळ्यांनी काढला.

मग दोष कुणाचा? 'डूम'चा? की आजकालच्या मुलांना धीरच नाही, हे मोठ्यांचं आवडतं उत्तर खरं मानायचं? थांबा. आता मिशीची गोष्ट ऐका.

'गॅब्रिएल नाईट ३' हा १९९९ चा मोठ्यांसाठीचा रहस्यखेळ. नायकाला मोटरसायकल भाड्याने हवी आहे. ती त्याच्या मोजली नावाच्या मित्रासाठी राखून ठेवलेली आहे. तेव्हा मित्राचं सोंग घ्यायचं ठरतं. त्यासाठी काय करायचं? एका शेडच्या दाराला भोक आहे, त्याच्या कडेला चिकटपट्टी लावायची. मांजरावर फवारा मारायचा. ते भोकातून पळालं की त्याचे केस पट्टीला चिकटतात. मेपलच्या पाकाचं पाकीट मिळवायचं आणि ते केस पाकाने आपल्या ओठावर चिकटवायचे. झाली मिशी! आणि गंमत अशी की मोजलीला मुळात मिशीच नाही! म्हणून मग त्याचा पासपोर्ट लांबवायचा आणि त्यातल्या फोटोवर मार्करने मिशी काढायची.

हसलात? त्या वेळी लोकही असेच हसले आणि चिडलेसुद्धा. एरिक वोलपॉ नावाच्या विनोदी लेखकाने २००० मध्ये ही मिशी पायरी-पायरीने उलगडून दाखवली. त्याचं म्हणणं साधं होतं. ॲडव्हेंचर गेम कुणी बुडवले नाहीत, त्यांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

मला त्याचं बरंचसं पटतं. ही खोड जुनीच होती. 'किंग्ज क्वेस्ट'मध्ये एका बुटक्याचं नाव ओळखायचं असतं. सूचना अशी की, कधीकधी उलटा विचार करणं शहाणपणाचं. बुटका म्हणजे परीकथेतला रंपलस्टिल्टस्किन. नाव उलटं लिहिलंत? चूक! उलटी करायची ती इंग्रजी बाराखडी, म्हणजे 'ए'च्या जागी 'झेड', 'बी'च्या जागी 'वाय'. वही घ्या आणि लिहून पाहा, कसलं धेडगुजरी नाव तयार होतं! १९९० च्या 'किंग्ज क्वेस्ट ५'मध्ये मांजर एका उंदराच्या मागे लागतं. तेव्हा तुम्ही त्या मांजराला जुना बूट फेकून मारला नाहीत, तर पुढे तळघरात तुमचे हात बांधले जातात तेव्हा दोर कुरतडायला उंदीर येत नाही. खेळ खलास. चूक कुठे झाली, हेही कुणी सांगत नाही. (मांजरांशी या लोकांचं काय वैर होतं कोण जाणे.)

'मंकी आयलंड'चा कर्ता रॉन गिल्बर्ट याने १९८९ मध्येच लेख लिहून या खोडींवर बोट ठेवलं होतं. पण सगळ्यांनी ते ऐकलं नाही. पक्ष्याचं कोडं आणि मिशीचं कोडं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर असतं. दुसऱ्यात ते करणाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि त्या डोक्यात शिरायला वाट नाही. अशा वेळी माणूस काय करणार? १९९५ मध्ये 'गेमफॅक्स' ही साइट सुरू झाली होती. कुठल्याही खेळाची उत्तरं तिथे फुकट मिळत. दोन-तीनदा फसवणूक झाल्यावर मुलं चांगल्या कोड्यापाशीही थांबेनाशी झाली. सरळ उत्तर पाहू लागली. धीर संपला नव्हता हो आईबाबा, भरवसा संपला होता. धीर नसता तर तुमची मुलं 'माइनक्राफ्ट'मध्ये महिनामहिना एकेक वीट रचत बसली असती का?

गोष्ट आणि कोडी नाहीशी झाली नाहीत, त्यांनी घर बदललं. १९९६ च्या 'टूम रेडर'मध्ये उड्यांबरोबर कोडी आली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा 'राजी' हा २०२० चा खेळ घ्या. भावाला शोधत निघालेली धीट मुलगी, राक्षसांशी मारामारी आणि मधूनमधून कोडी. आणि तो मिशीवाला एरिक वोलपॉ? २००७ मध्ये निव्वळ कोड्यांचा 'पोर्टल' हा खेळ गाजला, त्याच्या लेखकांपैकी तो एक होता!

जुन्या धाटणीचे खेळही पुरते मेले नाहीत. १९९८ पासून नॅन्सी ड्रूच्या रहस्यखेळांचे तीसहून अधिक भाग निघाले. २०१२ मध्ये 'ग्रिम फँडँगो'चा कर्ता टिम शेफर याच्या कंपनीने नव्या ॲडव्हेंचर गेमसाठी लोकांकडेच चार लाख डॉलर मागितले. सुमारे ८७,००० लोकांनी मिळून तेहेतीस लाखांच्या वर दिले. २०२२ मध्ये 'रिटर्न टू मंकी आयलंड' आला, आणि त्यात नायकाच्या खिशातच सूचनांची वही आहे. एका वेळी एकच सूचना, आधी पुसट, मग स्पष्ट. ती अदृश्य शाईची पुस्तिका आठवली ना? २०२३ मध्ये तर रॉबर्टा विल्यम्सने पुन्हा मैदानात उतरून क्राऊदरच्या त्याच गुहेचा चित्रमय खेळ काढला.

तुम्हांला हात मारून पाहायचा असेल तर जुना 'कोलोसल केव्ह' इंटरनेटवर फुकट खेळता येतो. इंग्रजी शब्दकोश, वही आणि पेन्सिल घेऊन बसा. ताई-दादा किंवा आईबाबा शेजारी असले तर उत्तमच. उत्तरांची साइट निदान तीन दिवस उघडायची नाही, ही अट. खोल्यांचा नकाशा काढत चला. लवकरच एका भूलभुलैयात शिराल. तिथल्या सगळ्या खोल्या हुबेहूब सारख्या आणि नकाशा काही केल्या जुळत नाही. तेव्हा घाबरू नका. जवळची एकेक वस्तू एकेका खोलीत टाकत जा: इथे चाव्या, तिथे बाटली. आता खोल्या वेगळ्या ओळखता येतील. आणि वस्तू संपल्या, तरी खोल्या उरल्या तर?

ते मी नाही सांगणार बुवा!