रुमालाखालचा भाव

गुरांच्या बाजारात गोंगाट भरपूर असतो. हंबरणे, घुंगरांचा खळखळाट, चहाच्या टपरीवरचा स्टोव्ह, दलालांच्या हाका, मालमोटारीत चढायला नकार देणाऱ्या वगारीमागची आरडाओरड. पण ज्या आकड्यासाठी माणसे पहाटे उठून आलेली असतात, तो आकडा कुणाच्या तोंडून ऐकू येत नाही. दोन माणसे जवळ येतात, एकाच्या खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर पडतो आणि आत बोटे बोलू लागतात. एक मान हलवतो, दुसरा हात काढून घेतो, दलाल पुन्हा दोघांचे हात एकमेकांत देतो. बाजूला दावे धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या पोराला वडिलांच्या चेहऱ्यावरूनच अंदाज बांधावा लागतो.

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात इंझोरी हे गाव आहे. सोयाबीन, तूर, कपाशी, पाणी असेल तिथे हरभरा, अशी तिथली शेती. या गावातला शेतकरी सोयाबीन विकायला निघतो तेव्हा त्याला आदल्या दिवशीचा भाव मोबाइलवर कळलेला असतो. किमान किती, कमाल किती, सरासरी किती, वाशिमला काय, कारंज्याला काय, सगळे. तोच शेतकरी बैलजोडी घेऊन निघाला, की त्याच्याजवळ शेजाऱ्याने मागच्या बाजारात काय घेतले याची ऐकीव बातमी तेवढी असते. घरातली सगळ्यात मोलाची चालती वस्तू तो अंदाजावर विकतो. हे मला फार दिवसांपासून खटकत आले आहे, आणि इंझोरीच्या बाबतीत जास्तच खटकते. त्याला कारण शेजारचे कारंजा आहे.

भारतातला पहिला नियंत्रित शेतमाल बाजार म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो कापसाचा बाजार 1886 मध्ये याच कारंजा लाडला सुरू झाला. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या कारभाराखाली होता आणि त्याच्याच हुकमाने हा बाजार उभा राहिला. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि नंतर देशात इतरत्र जे बाजार कायदे झाले त्यांच्यापुढे हाच नमुना होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस नेमाने मिळावा, हा त्यामागचा हिशेब होता. शेतकऱ्याच्या कळवळ्याचा त्यात फारसा भाग नव्हता. तरी त्यातून एक मोठी गोष्ट घडली. धान्य-कापसाच्या व्यापारातही रुमालाखाली हात घालून सौदा करण्याची चाल होती. तिला हत्ता पद्धत म्हणत. नियंत्रित बाजारांनी ती मोडून उघड लिलाव आणला. शेतमालाचा भाव चारचौघांत बोलला जावा, याची सुरुवात ज्या मुलखात झाली, तिथला बैल आजही दुपट्ट्याखाली विकला जातो.

बोटांचे गणित तसे अवघड नाही. एक बोट धरले की एक, चार धरली की चार, अख्खा पंजा म्हणजे पाच. ते शेकडे की हजार, हे जनावर पाहूनच दोघांना कळलेले असते. पुढच्या आकड्यांच्या खुणा बाजारागणिक बदलतात आणि मुरलेल्यांनाच कळतात. या पद्धतीच्या बाजूनेही बोलणारे आहेत. पहिल्याचा सौदा फिसकटला तरी त्याने किती मागितले होते हे दुसऱ्या गिऱ्हाइकाला कळत नाही, त्यामुळे विकणाऱ्याची पत राहते. उधारीवर, नात्यात, मुलीच्या लग्नाच्या घाईत झालेल्या सौद्याची चर्चा होत नाही. हे सगळे खरे. पण मधला माणूस जेव्हा एक हात शेतकऱ्याच्या हातात आणि नंतर वेगळा हात हेड्याच्या, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्याच्या, हातात देतो, तेव्हा दोन्ही आकडे फक्त त्यालाच ठाऊक असतात. त्या दोन आकड्यांमधली जागा त्याची. दलाली उघडपणे घेतली तर ती मेहनतीची मजुरी झाली. ही जागा मात्र कुणाच्याच हिशेबात येत नाही.

बैलाची किंमत ठरते कशी? आधी तोंड उघडून दात पाहतात. दुधाचे दात असलेला तो आदत. साधारण दोन-अडीच वर्षांना पहिले दोन कायमचे दात येतात, मग चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. चार ते सहा दाती गोऱ्ह्याला भाव चांगला, कारण तो कामाला लागलेला असतो आणि पुढची आठ-दहा वर्षे घेणाऱ्याची असतात. मग वाशिंड, खूर, चाल, डोळ्यांतली चमक, मारका आहे का, खांद्यावर जुन्या जखमेचा वण आहे का. जोडी असेल तर रंग आणि उंची जुळते का. आणि आमच्या भागातला शेवटचा प्रश्न: डवऱ्याला कसा चालतो? नांगरटी ट्रॅक्टरने नेली, पेरणीही बरीचशी नेली. पण कपाशी-तुरीच्या उभ्या ओळींमधून एक रोप न मोडता डवरा ओढत नेणे, हे अजून बैलाचेच काम आहे. धडधाकट तरुण जोडीचा बोल आज लाखाच्या पुढे सहज जातो, त्याला हेच कारण.

जोडी बारा महिने सांभाळायची आणि खरे काम मात्र मृगापासून पोळ्यापर्यंतचे. म्हणून भावाला ऋतूंची चढउतार आहे. उन्हाळा सरता सरता खरेदी वाढते आणि मृगाच्या तोंडावर बैल महाग होतो. पोळा झाला, डवरणी संपली, की विकणारे वाढतात. मार्च-एप्रिलमध्ये चारा संपत आला की त्यांची संख्या आणखी वाढते. अडचणीतला शेतकरी नेमका पडत्या भावात विकतो आणि दोन महिन्यांनी चढ्या भावात घेतो. ज्याच्या गोठ्यात दोन महिन्यांचा चारा शिल्लक आहे, तो या फेऱ्यातून सुटतो. गुरांच्या बाजारात ज्याच्याजवळ चारा आहे त्याच्याच बोलण्याला वजन असते.

हा चारा कुठे गेला, तेही सांगितले पाहिजे. पूर्वी वऱ्हाडात ज्वारी होती, म्हणजे घरात भाकरी आणि गोठ्यात कडबा. सोयाबीन आले आणि ज्वारीचे क्षेत्र खाल्ले. उरलीसुरली ज्वारी रोही आणि रानडुकरांच्या भीतीने लोकांनी सोडली. सोयाबीनचे कुटार जनावर खाते, पण त्याला कडब्याची सर नाही. नगदी पिकाने हातात पैसा आणला आणि बैलाचे वर्षभराचे पोट बाजारावर टाकले. जोडीचा भाव पाहताना हा खर्च कुणी धरत नाही.

त्यात 2015 चे वर्ष आले. महाराष्ट्रात गोहत्येला 1976 च्या प्राणी संरक्षण कायद्याने आधीच बंदी होती, पण निरुपयोगी ठरलेले बैल दाखल्यावर विकता येत होते. विधिमंडळाने 1995 मध्ये केलेल्या दुरुस्तीला मार्च 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवून मी इथे फक्त गोठ्याचा हिशेब मांडतो. आधी थकलेली जोडी मोडून जी रक्कम यायची, तिच्यात भर घालून नवी जोडी घेतली जायची. जुना बैल हीच नव्या बैलाची बचत होती. ती वाट बंद झाली. आता म्हातारा बैल विकायला नेला तर गिऱ्हाईक नाही, घरी ठेवला तर चारा नाही, आणि रस्त्याने नेताना पावती जवळ असूनही मनात धाकधूक. राज्य सरकारने 2024 मध्ये गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज प्रत्येकी 50 रुपये अनुदान जाहीर केले. एका जनावराला महिन्याला दीड हजार लागतात, हे सरकारने त्यातून मान्यच केले. शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या थकलेल्या बैलाचे दीड हजार तो शेतकरीच भरतो, आणि हे ओझे त्याच्या एकट्याच्या खांद्यावर ठेवणे मला न्यायाचे वाटत नाही.

2025 च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी राज्यभर जनावरांची खरेदी थांबवली. रस्त्यात गाड्या अडवल्या जातात, त्रास होतो, ही त्यांची तक्रार होती. म्हशी आणि रेड्यांच्या खरेदीला या कायद्याची आडकाठी नाही, पण घेणारेच बाजारात उतरले नाहीत तेव्हा विकणाऱ्यांची जनावरे दाव्याला तशीच राहिली. घेणारा आणि विकणारा एकमेकांवर किती अवलंबून आहेत, हे त्या आठवड्यांत प्रत्येक पशुपालकाला उमगले.

त्याआधी गुरांचा लम्पी त्वचारोग येऊन गेला होता. ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यात पहिली जनावरे सापडली आणि महिन्याभरात तो वऱ्हाडात पसरला. गुरांचे बाजार बंद झाले. सरकारी मदत दुभत्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार अशी होती. पंचवीस हजारांत जोडीतला एक बैल परत उभा राहत नव्हता, आणि एकट्या उरलेल्या बैलाला गिऱ्हाईक मिळत नव्हते. जोडी फुटली की दोन्ही बैलांचा भाव जातो. हे नुकसान मदतीच्या कुठल्या रकान्यात बसत नाही.

चाऱ्याच्या टंचाईचा आणि बैलबंदीचा परिणाम लम्पीच्या आधीच गणनेत दिसला होता. राज्यात 2012 मध्ये गाय-बैल मिळून सुमारे 1 कोटी 55 लाख होते, ते 2019 च्या विसाव्या पशुगणनेत 1 कोटी 40 लाखांच्या आसपास आले. त्याच सात वर्षांत शेळ्या 84 लाखांवरून 1 कोटी 6 लाखांवर गेल्या. शेतकऱ्याने आपला कौल असा दिला आहे. शेळी धुऱ्यावरच्या पाल्यावर जगते, पाच महिन्यांत विते आणि अडचणीच्या दिवशी एकटी विकता येते. विदर्भाची स्वतःची बेरारी शेळी तर राष्ट्रीय पातळीवर नोंद झालेली जात आहे.

बोकडाच्या भावाचे घड्याळ चंद्रावर चालते. बकरी ईद दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. 2024 मध्ये ती 17 जूनला होती, 2025 मध्ये 7 जूनला, 2026 मध्ये मेच्या अखेरीस, आणि 2030 च्या सुमारास ती एप्रिलच्या मध्यावर येईल. कुर्बानीच्या बोकडाला एक वर्ष पूर्ण लागते. म्हणजे मेच्या अखेरीस विकायचा बोकड आदल्या वर्षीच्या मेपर्यंत जन्मलेला हवा. शेळी कधी फळवायची, हे त्याहून पाच महिने मागे जाऊन ठरवावे लागते. 2026 पासूनची दोन-तीन वर्षे हा सण पेरणीच्या तोंडावर पडतो आहे. बियाण्यासाठी सावकाराकडे जाण्याच्या दिवसांत हातात बोकडाचे पैसे येतील, असा हा योग आहे. शेळ्या पाळणाऱ्या बायाबापड्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात हा दिवस आतापासून खुणेने मांडून ठेवावा.

आणि विकताना वजन माहीत असावे. काटा नसला तरी शिंप्याची फीत चालते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की अंदाजे किलो येतात. घेर 28, लांबी 26 असेल तर वजन सुमारे 31 किलो. मोठ्या जनावरालाही हेच गणित: घेर 60, लांबी 50, तर वजन 270 किलोंच्या पुढे. डोळ्यांनी तोलणारा व्यापारी त्या बोकडाला पंचवीस किलोंचा म्हणाला, तर सहा किलो कुठे गेले हे विचारण्याची हिंमत त्या फितीतून येते.

गुरांचा भाव उघड ठेवणारे बाजार जगात इतरत्र आहेत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या रोमा गावी गुरांचा मोठा लिलाव भरतो. तिथे किलोमागे सेंटमध्ये बोली होते आणि वय, वजन, जातीनुसार भावांचा तक्ता प्रसिद्ध होतो. शिकागोत 1865 च्या नाताळात उघडलेला गुरांचा अवाढव्य बाजार 1971 मध्ये बंद झाला, पण 1964 पासून त्याच शहरात जिवंत गुरांचे वायदे चालत आहेत. अमेरिकेत कत्तलखान्यांच्या मोजक्या मोठ्या कंपन्या उरल्या, त्या खासगी करारांनी खरेदी करू लागल्या आणि खरा भाव दिसेनासा झाला. तेव्हा 1999 मध्ये तिथल्या संसदेने मोठ्या खरेदीदारांनी आपले भाव सरकारला कळवलेच पाहिजेत, असा कायदा केला. दुपट्टा तिथेही होता, फक्त तो कराराच्या कागदाचा होता.

आपल्याकडे भाव असा उघड करायला नवे काही उभारायला नको. बाजार समितीच्या आवारात सौदा झाला की पावती फाटते. विकणारा, घेणारा, जनावराचे वर्णन, किंमत. केंद्र सरकारच्या अॅगमार्कनेट या भावांच्या संकेतस्थळावर बैल, गाय, म्हैस, शेळी यांचे रकानेही आहेत. जून 2024 पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे, म्हणजे बारा आकडी क्रमांकामागे वय, जात, लसीकरण नोंदवण्याची सोय आहे. पावती आणि बिल्ल्याची नोंद एकमेकांना जोडली आणि दर बाजारी संध्याकाळी फळ्यावर एवढेच लिहिले तरी पुरे: चार दाती जोडी, जुळलेली जोडी, दुसऱ्या वेताची म्हैस, तीस किलोंचा बोकड, आणि प्रत्येकापुढे सर्वांत कमी, सर्वांत जास्त, मधला भाव. कुणाचे नाव नको. बाजार समितीची फी किमतीवर असल्याने पावतीवर रक्कम कमी लिहिण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. तेव्हा फी जनावरामागे ठरावीक करावी, म्हणजे खरा आकडा लिहायला कुणी कचरणार नाही.

जोडी विकून परतणारा शेतकरी संध्याकाळच्या गाडीने फाट्यावर उतरतो. दावी त्याने बैलांच्या गळ्यातून सोडवून बरोबर आणलेली असतात. पारावर बसलेल्यांचा एकच प्रश्न असतो, "कितीत गेली भाऊ?" तो एक आकडा सांगतो. त्यात दलालाचे धरलेले असते की नसते, हे कुणी विचारत नाही. पुढच्या बाजाराला निघायच्या तयारीत असलेला शेजारी तो आकडा मनात धरून घरी जातो आणि गोठ्यातल्या आपल्या बैलाचे दात कंदिलाच्या उजेडात पुन्हा एकदा पाहतो.