बीड ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

परदेशी शिक्षणाची वाट आज आपल्या मुलामुलींनाही खुली आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता आणि जाण्यायेण्याचे विमानभाडे मिळते. तरीही ‘इतक्या लांब लेकरू कसे धाडावे?’ हा प्रश्न पालकांच्या मनात राहतोच. म्हणून ही लांबी नेमकी किती, हे आम्ही येथे मांडत आहोत.

१९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. तो प्रवास बोटीचा, कित्येक आठवड्यांचा होता. घरचे वर्तमान कळायचे तेही पत्रानेच.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सरळ पश्चिमेकडे न जाता उत्तरेकडे झुकून युरोपावरून जातो. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग तोच. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर चौदा तासांचे होते. परंतु उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, शिवाय मार्गात वळसे पडतात, म्हणून सुमारे सोळा तास लागतात. परतताना तेच वारे पाठीशी असल्याने वेळ कमी लागतो.

घड्याळाचा हिशेब निराळा आहे. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, तर न्यूयॉर्कची ७५ अंश पश्चिम रेखांशावर ठरते. एकूण १५७.५ अंश, म्हणजे साडेदहा तास. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेनऊ तासांचा होतो. हिवाळ्यात रात्री एक वाजता मुंबईहून निघालेला विद्यार्थी सोळा तासांनी उतरतो, तेव्हा तेथे त्याच दिवसाची सकाळचे साडेसहा वाजलेले असतात.

बीडकरांनी यात आणखी भर घालावी. मुंबई येथून सुमारे चारशे किलोमीटर; एस.टी.ने ती रात्रभराची वाट. विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे लागते, उतरल्यावर तपासणीत वेळ जातो. घरापासून वसतिगृहापर्यंत साधारण तीस तास धरून चालावे.

ऊसतोडीच्या फडावर पहाटे चारला उठणाऱ्या आईने हिवाळ्यात फोन लावला, तर तेथे आदल्या दिवसाची सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतील. मुलगी वर्गातून परतत असेल. रात्री आठला लावला, तर तेथे सकाळचे साडेनऊ. या दोन्ही वेळा पालकांनी टिपून ठेवाव्यात.

अंतर शतकापूर्वी होते तेवढेच आहे. आठवड्यांची वाट मात्र दीड दिवसाच्या आत आली आहे. लेकरांना धाडण्याचा निर्णय भीतीने नव्हे, तर या हिशेबाने व्हावा, एवढीच आमची विनंती.