वेग आणि ताळा

अमुक संगणक सेकंदाला इतकी गणिते करतो, असे वृत्तपत्रात छापून येते खरे. परंतु कोणते गणित घालून तो वेग मोजला याचा खुलासा तेथे क्वचितच असतो, आणि त्या खुलाशावाचून तो आकडा निरर्थक होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

शास्त्रीय गणनेत अतिसूक्ष्म व अतिविशाल अशा दोन्ही संख्या येत असल्यामुळे संगणक प्रत्येक संख्येचे अर्थपूर्ण अंक निराळे आणि त्यांतील अपूर्णांक-बिंदूचे स्थान निराळे टिपून ठेवतो. या फ्लोटिंग पॉइंट पद्धतीतील किती बेरजा-गुणाकार एका सेकंदात उरकतात, ते फ्लॉप्स या एककात सांगतात.

1979 साली जॅक डोंगारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनपॅक या आज्ञावलीसंचाची जी मार्गदर्शिका अमेरिकेत प्रसिद्ध केली, तिच्या परिशिष्टात 100 अज्ञातांची 100 एकसामयिक समीकरणे सोडविण्यास निरनिराळ्या यंत्रांना लागलेला वेळ नोंदला होता. एकेका अज्ञाताचे निरसन करीत गेल्यास या उदाहरणाला सुमारे 6,87,000 क्रिया लागतात. त्यांना लागलेल्या वेळाने भागले की वेग मिळतो. तत्कालीन महायंत्र क्रे-1 याची कागदोपत्री क्षमता सेकंदाला 16 कोटी क्रियांची, परंतु या उदाहरणात त्याच्या हाती लागल्या अवघ्या 1 कोटी 40 लक्ष! कारण कारकून कितीही चपळ असला तरी दप्तरखान्यातून कागद वेळेवर न आल्यास तो खोळंबून राहतो, तद्वत स्मृतिकोशातून संख्या येईपर्यंत गणनयंत्रही खोळंबते.

लिनपॅकच्या या कसोटीचा मला विशेष भावणारा गुण असा, की आलेली उत्तरे मूळ समीकरणांत घालून त्यांचा ताळा पाहता येतो. याउलट व्हेटस्टोन ही तिच्याही आधीची ब्रिटिश कसोटी. जी फले पुढे कोठेच उपयोगात येत नाहीत, त्यांची गणनाच चतुर अनुवादक-आज्ञावल्या (कंपायलर) वगळू लागल्यामुळे तिचे आकडे संशयास्पद ठरले.

जून 1993 पासून जगातील 500 अग्रगण्य संगणकांची यादी लिनपॅकच्याच आधारे निघते, आणि 2007 च्या नोव्हेंबरात पुण्याच्या ‘एका’ या संगणकाने 117.9 टेराफ्लॉप्स (म्हणजे सेकंदाला 117.9 लक्ष कोटी क्रिया) वेगाने तीत चौथे स्थान मिळविले, ही गोष्ट अभिमानास्पदच आहे. तथापि पुढे डोंगारा यांनीच सहकाऱ्यांसह एचपीसीजी ही दुसरी कसोटी पुढे आणली, जीत बहुतांशी शून्यांनी भरलेल्या विशाल सारण्या हाताळाव्या लागतात आणि नामांकित यंत्रेही आपल्या क्षमतेच्या काही टक्क्यांपलीकडे क्वचितच पोहोचतात. द्रवप्रवाहाची आणि उष्णतावहनाची पुष्कळशी प्रत्यक्ष गणिते याच जातीची असल्यामुळे, यंत्र खरेदी करणाऱ्या संस्थेने दोन्ही आकडे मागावेत, आणि शक्य तर आपलीच आज्ञावली त्यावर चालवून पाहावी.