वेळूची बने आणि त्यांतील खुळखुळा साप

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात, नदीकाठच्या सखल गाळवट जमिनीवर, पूर्वी वेळूची अफाट बने पसरलेली असत. तिकडील लोक या वेळूस 'केन' व त्याच्या दाट जाळीस 'केनब्रेक' म्हणतात. हे नाव ऐकून आमच्या बागाईतदारांस ऊस आठवेल. परंतु हा ऊस नव्हे. अरुंडिनेरिया नावाचे हे बांबूवर्गातील, त्याच देशचे मूळ गवत होय. जमीन मानवली म्हणजे ते २० फुटांहूनही उंच वाढते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस केंटकीकडे वसाहतीस निघालेले शेतकरी जमिनीची पारख या वेळूवरून करीत. वेळू जितका उंच व जाड, तितकी माती कसदार, असा त्यांचा ठोकताळा असे, आणि तो बव्हंशी खराही होता. हीच कीर्ती बनांच्या मुळावर आली. बने तोडून तेथे मका व कापूस आला. जी उरली त्यांत गुरे बारमाही सोडण्यात आली. कारण हा वेळू हिवाळ्यातही हिरवा राहतो. कोवळे कोंब सतत खुडले गेल्यावर झाड किती दिवस तग धरणार? डुकरांनी तर जमिनीतील आडवी मुळेही उकरून खाल्ली. तेथील मूळ रहिवासी अधूनमधून बनास आग लावीत व त्यामुळे नवे फुटवे जोमाने येत. ती वहिवाटही त्यांच्या हकालपट्टीबरोबर संपली. आज पूर्वीच्या बनांपैकी शेकडा २ भागही शिल्लक नसावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

या बनांत व लगतच्या पाणथळ रानांत 'केनब्रेक रॅटलस्नेक' राहतो. हा वस्तुतः क्रोटॅलस हॉरिडस या सापाचा दक्षिणेकडील प्रकार होय. लांबी बहुधा ३ ते ५ फूट. अंग गुलाबीसर करडे, त्यावर काळे नागमोडी पट्टे, पाठीच्या मध्यावरून तांबूस रेघ आणि शेपूट काळे. शेपटीच्या टोकास नखासारख्या द्रव्याच्या पोकळ कड्या एकमेकींत अडकलेल्या असतात. शेपूट वेगाने हलविल्याबरोबर त्यांचा खुळखुळाट होतो. कड्या मोजून सापाचे वय सांगणारे पुष्कळ भेटतात. पण तो हिशेब फोल आहे. प्रत्येक कातीबरोबर एक कडी वाढते, काती वर्षात एकाहून अधिक वेळा पडू शकतात, व टोकाच्या कड्या झिजून तुटतात त्या निराळ्याच.

डोळा व नाकपुडी यांमधील खळग्याने यास उष्ण रक्ताच्या प्राण्याची चाहूल अंधारातही लागते. आमच्या सह्याद्रीतील चापडा याच खळगेवाल्या सापांपैकी आहे. पडलेल्या ओंडक्याच्या कडेस वेटोळे घालून हा तासन् तास उंदीर-खारींची वाट पाहतो. शेतकऱ्याच्या कोठारावर डोळा ठेवणाऱ्या उंदरांचा असा हा वैरी. तरीही दिसेल तेथे ठेचला जातो. याचे विष प्राणघातक आहे, हे खरे. तथापि हा साप आपण होऊन अंगावर येत नाही. पाय पडला, अथवा त्यास मारण्या-पकडण्यास गेले, म्हणजे दंश होतो. पुष्कळदा तो न वाजविता निपचित पडून राहतो, म्हणून आवाजाच्या भरवशावर जाळीत हात घालू नये. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे हे उपाय अपायकारक आहेत. रोग्यास शक्य तितके स्थिर ठेवून तत्काळ रुग्णालयात न्यावे. आमच्याकडील घोणसीच्या दंशासही हाच नियम लागू आहे.

मादीस पहिली वीण होण्यास काही वर्षे लागतात, व पुढेही ती दरसाल वीत नाही. त्यामुळे दहा-पाच माद्या मारल्या गेल्या तरी त्या टापूतील बीज लवकर भरून येत नाही. व्हर्जिनियात या सापास कायद्याने संरक्षण द्यावे लागले आहे.

वेळूची गोष्ट मात्र काहीशी आशादायक आहे. इलिनॉयच्या दक्षिण भागात शेत व ओढा यांमध्ये वेळूचा पट्टा राखून पाहणी केली, तेव्हा शेतातून वाहून येणारा गाळ व खतांतील नायट्रेट यांचा मोठा भाग त्या पट्ट्यातच अडल्याचे आढळले. आता अनेक ठिकाणी मुळांचे तुकडे लावून ही बने पुन्हा उभी करण्यात येत आहेत. बी मिळणे दुर्घट. कारण हा वेळू कैक वर्षांनी एकदा फुलतो, आणि फुललेल्या काठ्या वाळून जातात.