हिवाळ्यात घरातील गॅस अधिक का जळतो?

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर ही सरकारी नोकरांची जुनी वसाहत होय. पूर्वी तिला विनय नगर असे म्हणत. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून बदलीने आलेली कुटुंबे येथे राहत आली असून त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. कोकणातून किंवा मुंबईहून आलेल्या माणसास दिल्लीची थंडी प्रथम अंगावर जाणवते आणि नंतर गॅसच्या बिलावर दिसते. मे महिन्यात जो मीटर संथपणे फिरत होता, तोच जानेवारीत जवळजवळ दुप्पट का फिरतो? हा सारा वाढावा थंडीचाच समजावा, की त्यात काही दोषाचाही भाग आहे? या प्रश्नाचे उत्तर तर्काने नव्हे, तर मोजमापाने मिळते. ते कसे मिळवावे हे येथे सांगावयाचे आहे.

१. इंधनाचा पालट

एके काळी महाराष्ट्रातील घरांत आंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापत असे आणि दिल्लीत दगडी कोळशाची शेगडी अंगणात पेटवून मग आत नेली जाई. पुढे सिलिंडरमधील द्रवरूप गॅस आला; इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ गॅस १९६५ साली बाजारात आला. नळाने येणारा नैसर्गिक वायू त्याहून अलीकडचा. दिल्लीत तो पुरविण्यासाठी इंद्रप्रस्थ गॅस लिमिटेड ही कंपनी १९९८ साली स्थापन झाली. मुंबईच्या पश्चिमेस, अरबी समुद्राच्या तळाखालील वसई क्षेत्रातून निघणारा वायू हाजिरा येथे किनाऱ्यावर येतो व हाजिरा-विजयपूर-जगदीशपूर या लांब नळमार्गाने उत्तरेकडे जातो.

या वायूचा मुख्य घटक मिथेन होय. एक घनमीटर वायू जळाला असता सुमारे ९,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. हा आकडा वाचकाने ध्यानात ठेवावा. पुढील सर्व हिशेब त्यावर उभा आहे.

२. प्रथम काय पाहावे

बिलाची रक्कम वाढली म्हणजे गॅस अधिक जळला असे होत नाही. दर वाढला तरी रक्कम वाढते. म्हणून रुपयांकडे न पाहता घनमीटरांकडे पाहावे. मीटर प्रत्यक्ष वाचून बिल दिले आहे की अंदाजाने, हेही तपासावे. अंदाजी बिलातील चूक पुढील बिलात एकदम प्रकट होते आणि वापर अकस्मात वाढल्याचा भास होतो. शेवटी एकूण घनमीटरांस दिवसांनी भागावे. साठ दिवसांच्या बिलाची तुलना बावन्न दिवसांच्या बिलाशी करणे व्यर्थ होय.

येथे एक शंका संभवते. थंडीने वायू आकुंचन पावतो. तर मीटरच हिवाळ्यात अधिक दाखवीत नसेल काय? वस्तुस्थिती याच्या उलट आहे. ४० अंश सेल्सिअसला जेवढा वायू एक घनमीटर जागा व्यापतो, तेवढाच १० अंशांना सुमारे एक-दशांश कमी जागा व्यापतो. साधा घरगुती मीटर केवळ आकारमान मोजतो. तेव्हा या कारणाने हिवाळ्यातील आकडा किंचित घटेल, वाढणार नाही.

३. थंडीचा वाटा किती?

युरोपातील थंड देशांत खोल्या तापविण्यासाठी गॅस जळतो. दिल्लीच्या घरांत बहुधा तसे होत नाही; येथे गॅस तापवितो ते पाणी. सरोजिनी नगरापासून जवळच असलेल्या सफदरजंग वेधशाळेत जानेवारीतील सरासरी किमान उष्णतामान सात ते आठ अंश असते, तर मे महिन्यात दुपारचे कमाल उष्णतामान चाळिशीस भिडते. गच्चीवरील टाकीतील पाणी या चढउताराच्या मागोमाग जाते.

एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. आता चार माणसांचे एक कुटुंब कल्पू. प्रत्येकास आंघोळीस २० लिटरची एक बादली, ४२ अंशांपर्यंत तापलेली, हवी आहे. जानेवारीत टाकीचे पाणी १२ अंशांवर असेल, तर एका बादलीस २० × ३० म्हणजे ६०० किलोकॅलरी आणि चार बादल्यांस २,४०० किलोकॅलरी लागतील. परंतु गिझरमधील सर्वच उष्णता पाण्यात उतरत नाही. शंभरातील ऐंशी भाग उतरतात असे मानल्यास ३,००० किलोकॅलरींचा गॅस जाळावा लागेल. हा गॅस एक-तृतीयांश घनमीटर, म्हणजे तीस दिवसांस दहा घनमीटर होतो.

स्वयंपाकास याच कुटुंबाला महिन्यास बारा घनमीटर लागतात असे धरू. मे महिन्यात टाकीचे पाणी आपोआपच ऊन असल्याने एकूण वापर बारा राहील. नोव्हेंबरात पाणी २७ अंशांवर असेल, तर पंधरा अंशांचीच भर घालावी लागेल व वापर सतरा होईल. जानेवारीत तो बावीस होईल. यात दोष कोणाचाच नाही. हा केवळ ऋतूचा हिशेब आहे.

४. उरलेल्या सहा घनमीटरांचा शोध

आता समजा, मीटरने जानेवारीत बावीसऐवजी अठ्ठावीस घनमीटर दाखविले. हे अधिकचे सहा घनमीटर कोठे गेले? घरी पाहुणे राहिले असतील, कपड्यांना ऊन पाणी लागले असेल, किंवा कुटुंब जुन्या बैठ्या घरांतून नव्या बहुमजली इमारतीत राहावयास गेल्यामुळे गिझरपासून नळापर्यंतची वाट लांबली असेल. अशी उघड कारणे वगळल्यावर दोन संशयित उरतात : गळती आणि गिझरचा दोष. दोहोंची परीक्षा घरी करता येते.

गळतीची परीक्षा. महिन्यास सहा घनमीटर म्हणजे दिवसास २०० लिटर, अर्थात तासास आठ लिटरांहून थोडे अधिक. रात्री सर्व उपकरणे बंद करून मीटरचा आकडा टिपावा. त्यातील शेवटचे तीन अंक लिटर दाखवितात. आठ तासांनी आकडा सुमारे ६७ लिटरांनी पुढे सरकला असेल, तर गळती ठरली. सरकला नसेल, तर उपकरणे बंद असताना गळती नाही. मात्र वास आल्यास परीक्षेची वाट पाहू नये. नैसर्गिक वायूस स्वतःचा गंध नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. अशा वेळी मुख्य तोटी बंद करावी, खिडक्या उघडाव्यात, विजेचे बटण दाबू नये, आणि बाहेर जाऊन गॅस कंपनीस कळवावे. काडी ओढून गळती शोधणे हे मृत्यूस आमंत्रण होय.

गिझरची परीक्षा. इतर सर्व शेगड्या बंद ठेवून एक बादली पाणी तापवावे. पाण्याचे आधीचे व नंतरचे उष्णतामान आणि मीटरचे आधीचे व नंतरचे आकडे टिपावेत. २० लिटर पाणी ३० अंशांनी तापताना सुमारे ८३ लिटर गॅस लागला, तर गिझरची कार्यक्षमता शेकडा ऐंशी आहे. तेच १३३ लिटर लागले, तर ती शेकडा पन्नासवर आली आहे. आणि पन्नासच्या हिशेबाने आंघोळीचा गॅस महिन्यास दहाऐवजी सोळा घनमीटर होतो. हरवलेले सहा घनमीटर येथे सापडले!

कार्यक्षमता घटण्याची कारणे दोन. दुष्फेन पाण्यातील क्षार नळीच्या आत बसतात आणि उष्णतेची वाट अडवितात. किंवा ज्वालेस पुरेशी हवा न मिळाल्याने ज्वलन अपुरे राहते व काजळी धरते. पहिल्या कारणाने पैसा जातो. दुसऱ्याने प्राणही जाऊ शकतो.

५. पिवळी ज्वाला

एक घनमीटर मिथेन पूर्णपणे जळण्यास सुमारे साडेनऊ घनमीटर हवा लागते. आपल्या कुटुंबाच्या चार बादल्यांस म्हणजे तीन घनमीटरांहून अधिक हवा हवी. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद व अडीच मीटर उंच न्हाणीघरात अवघी साडेसात घनमीटर हवा असते. थंडीमुळे दार-खिडकी बंद असेल आणि गिझर आतच असेल, तर एकामागून एक चार आंघोळी होईपर्यंत ज्वाला प्राणवायूस पारखी होऊ लागते. मग निळी ज्वाला पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनाशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्टपणे जडतो. माणसास गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच भोवळ येते. बंद न्हाणीघरात अशा रीतीने मृत्यू घडल्याच्या घटना भारतातील अनेक शहरांत नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. त्याचा धूर नळीने बाहेर जावा. आणि ज्वाला पिवळी दिसताच त्याचा वापर थांबवून जाणत्या कारागिराकडून तो तपासून घ्यावा.

६. शाळांसाठी एक प्रयोग

विद्यार्थ्यांनी आपल्या घरचा मीटर दर रविवारी एकाच वेळी वाचावा आणि त्या आठवड्याचे सरासरी उष्णतामान वर्तमानपत्रातून टिपावे. आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर उष्णतामान व उभ्या रेषेवर रोजचा सरासरी वापर मांडावा. ऑक्टोबर ते मार्च या काळातील ठिपके एका तिरप्या रेषेच्या आसपास पडतील. इंग्लंडात इमारतींचा इंधनखर्च याच तत्त्वावर तपासतात : बाहेरचे उष्णतामान १५.५ अंशांच्या खाली किती अंश व किती दिवस राहिले याची बेरीज करून तिच्याशी इंधन ताडून पाहतात.

जो ठिपका रेषेच्या बराच वर उभा राहील, तो काही सांगू पाहत आहे असे समजावे. रेषेवर चढलेला वापर थंडीचा असतो. रेषा सोडून वर गेलेला वापर पाहुण्यांचा, गळतीचा किंवा बिघडलेल्या ज्वालेचा असतो. एक वही, एक उष्णतामापक आणि थोडी चिकाटी एवढ्या साधनांवर हा भेद कोणासही ओळखता येतो, आणि वेळीच ओळखला तर पैशाबरोबर घरातील माणसेही सुरक्षित राहतात.