काळोख हीच भंडारदऱ्याची मिळकत

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवर १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या धरणामागे भंडारदऱ्याचा जलाशय पसरला आहे. त्याच्या परिसरातील शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, रतनवाडी या गावांची शेती भात आणि नागलीची. पर्यटक येथे नौकाविहार करतात, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर चढतात, रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर पाहतात. मात्र मेअखेरीपासून पावसाचा जोर वाढेपर्यंत रात्रीची गर्दी लोटते ती एका कीटकासाठी, काजव्यासाठी. त्या दिवसांत घरगुती निवास, जेवण आणि वाटाड्याचे काम यांतून अनेक कुटुंबांना खरिपापूर्वी रोख पैसा मिळतो.

काजवा हा भुंगेरावर्गीय कीटक आहे. त्याच्या पोटाच्या टोकाकडील खंडांत ल्युसिफेरिन या द्रव्याचे ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण होते आणि जवळजवळ उष्णतारहित प्रकाश निर्माण होतो. हा प्रकाश म्हणजे नर-मादीमधील संकेत होय. प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे. तेवढ्यात मीलन आणि अंडी घालणे उरकावे लागते. मोटारीच्या किंवा मोबाइलच्या झोतात हे संकेत पुसले जातात आणि जोड्या जुळत नाहीत. झाडाखालची माती तुडवली गेल्यास तेथील अंडी व अळ्याही चिरडल्या जातात. ज्यासाठी पर्यटक येतात, तेच त्यांच्या येण्याने घटण्याचा हा धोका आहे.

शेतीच्या दृष्टीनेही काजवा मोलाचा आहे. त्याच्या अळ्या ओलसर माती व पालापाचोळ्यात राहून गोगलगायींवर उपजीविका करतात. म्हणून बांधावरील पालापाचोळा जाळू नये आणि कीटकनाशकांची अनावश्यक फवारणी टाळावी.

निसर्ग पर्यटनाचे नियोजन करणाऱ्या गावांना विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबी सुचवाव्यात. वाहने गावाच्या वेशीवरच थांबवावीत. पुढे स्थानिक वाटाड्यासोबत लहान गटांनी ठरलेल्या पायवाटेनेच जावे. विजेरीवर लाल कागद लावून ती जमिनीकडे धरावी. काजव्यांच्या झाडांजवळ ती बंदच ठेवावी. फ्लॅश वापरून छायाचित्रे घेऊ नयेत, काजवे पकडू नयेत. या काळात अंगणातील व रस्त्यावरील अनावश्यक दिवे मालवावेत. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याशी निगडित असल्याने वनविभागाचे नियम आधी समजून घ्यावेत.

या उपायांना भांडवल फारसे लागत नाही; गावाचे एकमत मात्र लागते. ग्रामसभेत हे नियम मे महिन्यापूर्वीच ठरले, तर पाहुण्यांना ते सांगणेही सोपे जाते आणि पुढच्या हंगामातही झाडे उजळण्याची शक्यता टिकून राहते.